पदवीनंतर एक वर्ष की दोन? अमेरिकेत मेडिकलला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी गॅप इयर आणि पोस्ट-बॅकचे नियोजन

महाराष्ट्रात वाढलेल्या पालकांच्या कानाला ‘गॅप’ हा शब्द खटकतो. बारावीनंतर नीटमध्ये गुण कमी पडले म्हणून ‘ड्रॉप’ घेतलेला एखादा मुलगा आपल्या नात्यात असतो, लग्नकार्यात त्याच्या आईवडिलांना विचारले गेलेले प्रश्नही आपण ऐकलेले असतात, आणि म्हणूनच न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये पदवीच्या तिसऱ्या वर्षात शिकणारी आपली मुलगी ‘मी यंदा मेडिकलचा अर्ज करणार नाही’ असे म्हणाली की घरात चिंतेचे वातावरण पसरते. ही चिंता बहुधा अनाठायी असते. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण बारावीनंतर नव्हे, तर चार वर्षांच्या पदवीनंतर सुरू होते. प्रवेश मिळालेल्यांचे सरासरी वय चोवीसच्या आसपास असते, आणि त्यांच्यापैकी अर्ध्याहून अधिक जणांनी पदवी आणि मेडिकल यांच्या मध्ये किमान एक वर्ष घेतलेले असते. २०२३ साली सुरू झालेल्या वर्गांसाठी एमडी कॉलेजांकडे (अमेरिकेत एमडी ही भारतातल्या एमबीबीएससारखी पहिली वैद्यकीय पदवी आहे) सुमारे ५२,००० अर्जदार होते आणि प्रत्यक्ष प्रवेश सुमारे २३,००० जणांनी घेतला. निम्म्याहून अधिक अर्जदार बाहेर राहतात अशा स्पर्धेत अपुरा अर्ज घाईने पाठवण्यापेक्षा पुरा अर्ज एक वर्ष उशिरा पाठवणे केव्हाही शहाणपणाचे.

मात्र वर्ष घेतले म्हणजे अर्ज आपोआप सुधारतो असे नाही. ते वर्ष कशासाठी घ्यायचे आणि त्यातले काम अर्जात कधी दिसणार, हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात. बहुतेक कुटुंबे दुसऱ्या प्रश्नावर चुकतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पहिली पायरी: कॅलेंडर उलट्या बाजूने मांडा

एमडी कॉलेजांचा सामाईक अर्ज एएमसीएएस या यंत्रणेमार्फत जातो. तो मेच्या सुरुवातीला भरण्यासाठी खुला होतो, मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी सादर करता येतो आणि पडताळणी झालेले पहिले अर्ज जूनअखेरीस कॉलेजांकडे पोहोचतात. त्यानंतर प्रत्येक कॉलेज आपले स्वतंत्र प्रश्न पाठवते, त्यांना सेकंडरी म्हणतात. मुलाखती साधारण ऑगस्ट-सप्टेंबरपासून वसंत ऋतूपर्यंत चालतात आणि वर्ग सुरू होतो तो पुढच्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे अर्ज आणि वर्ग यांच्यात चौदा महिन्यांचे अंतर असते. बरीच कॉलेजे जसे अर्ज येतील तसे ते वाचत जातात, त्यामुळे सप्टेंबरमध्ये पोहोचलेल्या चांगल्या अर्जाला जूनमधल्या तितक्याच चांगल्या अर्जापेक्षा कमी जागा उरलेल्या असतात.

आता समजा, एखाद्या विद्यार्थ्याची पदवी मे २०२७ मध्ये पूर्ण होणार आहे. मध्ये एकही वर्ष न घेता मेडिकलला जायचे असेल, तर त्याला जून २०२६ मध्ये, म्हणजे तिसरे वर्ष संपताच, अर्ज करावा लागेल. चौथ्या वर्षाचे गुण त्या अर्जात नसतील. एक वर्ष घ्यायचे ठरवले तर अर्ज जून २०२७ मध्ये जाईल, चौथ्या वर्षाचे गुण त्यात येतील, पण गॅप इयरमध्ये तो जे काम करणार आहे ते जवळपास काहीच नसेल, कारण अर्ज त्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात बंद झालेला असेल. पुढे करणार असलेल्या तासांची नोंद अर्जात करता येते आणि मुलाखतीत त्याविषयी बोलताही येते. परंतु केलेल्या कामाचे वजन आणि करणार असलेल्या कामाचे वजन सारखे नसते. गॅप इयरमधले पूर्ण वर्षभराचे काम किंवा पोस्ट-बॅकचे, म्हणजे पदवीनंतर घेतलेल्या पदवीपातळीच्या वर्गांचे, गुण अर्जात दिसावेत असे वाटत असेल, तर अर्ज जून २०२८ मध्ये आणि वर्ग ऑगस्ट २०२९ मध्ये, म्हणजे दोन वर्षे लागतात.

आमच्या घरी हा हिशेब चुकला होता. मुलीचा रुग्णसेवेचा अनुभव तोकडा होता, तो भरून काढण्यासाठी आम्ही एक वर्ष घ्यायचे ठरवले, तिने जूनमध्ये अर्ज पाठवला आणि जुलैमध्ये एका दवाखान्यात कामाला सुरुवात केली. तिने ते काम मनापासून केले, परंतु अर्ज वाचणाऱ्यांच्या समोर त्यातला एकही तास नव्हता. त्या वर्षी एकच मुलाखत आली आणि प्रवेश मिळाला नाही. पुढच्या जूनमध्ये तेच काम अर्जात लिहिले गेले आणि चित्र बदलले. म्हणून माझे ठाम मत असे आहे की उणीव छोटी असेल किंवा चौथ्या वर्षातच भरून निघणार असेल तर एक वर्ष घ्यावे, आणि उणीव मोठी असेल तर सुरुवातीपासूनच दोन वर्षांची आखणी करावी. एक वर्ष ठरवून दोन वर्षे लागणे हे मुलांच्या मनाला फार लागते. दोन ठरवून दोन घेणे मुळीच लागत नाही.

दुसरी पायरी: उणीव नेमकी कुठे आहे ते शोधा

आपल्या विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट छापून समोर ठेवा आणि दोन आकडे काढा: एकूण जीपीए (चारपैकी काढलेली गुणांची सरासरी), आणि जीवशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्र व गणित एवढ्याच विषयांचा वेगळा जीपीए. एएमसीएएस हे दोन्ही आकडे स्वतः काढते आणि ते करताना तुमच्या विद्यापीठाचे नियम पाळत नाही. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी मिळाला, विषय पुन्हा घेतला आणि ए मिळवला, तर विद्यापीठ कदाचित जुना गुण पुसून टाकेल. एएमसीएएस दोन्ही मोजते. कम्युनिटी कॉलेजात शाळेत असतानाच घेतलेला एखादा विषयही त्यात येतो. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.८ च्या जवळ आणि एमकॅट या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा सरासरी गुण ५१२ च्या जवळ असतो. या सरासऱ्या आहेत, किमान मर्यादा नव्हेत, आणि कोणत्या कॉलेजात कोणत्या पट्ट्यातले विद्यार्थी प्रवेश घेतात हे एएएमसी या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एमएसएआर नावाच्या माहितीकोशात पाहता येते. त्याचे वार्षिक शुल्क अवश्य भरावे.

आकड्यांनंतर बाकीच्या गोष्टी पाहा. रुग्णांच्या प्रत्यक्ष सहवासाचे तास, डॉक्टरांचे काम जवळून पाहिल्याचे म्हणजे शॅडोइंगचे तास, संशोधन, वंचितांसाठी केलेली सेवा, आणि तुम्हाला नावानिशी ओळखणारे, शिफारसपत्र देऊ शकतील असे प्राध्यापक. एकदा हे कागदावर आले की बहुतेकांना एक ठळक उणीव दिसते, आणि वर्ष तिच्यासाठीच द्यायचे असते. जीपीए ३.९ असलेल्या विद्यार्थ्याने आणखी वर्ग घेणे आणि जीपीए ३.१ असलेल्या विद्यार्थ्याने वर्षभर केवळ प्रयोगशाळेत काम करणे, या दोन्ही चुका मी जवळून पाहिल्या आहेत. ज्याला जे सोपे जाते ते तो आणखी करतो.

तिसरी पायरी: उणीव गुणांची असेल तर योग्य प्रकारचा पोस्ट-बॅक निवडा

पोस्ट-बॅक म्हणजे पदवीनंतर घेतलेले पदवीच्याच पातळीवरील शिक्षण. या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी मोडतात आणि नवख्यांचा गोंधळ इथेच होतो. पहिला प्रकार क्षेत्र बदलणाऱ्यांसाठी असतो. इतिहास, अर्थशास्त्र किंवा संगणकशास्त्र शिकलेल्या आणि मेडिकलसाठी लागणारे विज्ञानविषय कधीच न घेतलेल्या व्यक्तीला ते विषय एक-दोन वर्षांत पूर्ण करता येतात: प्रयोगशाळेसह जीवशास्त्र, सामान्य रसायन, ऑरगॅनिक, भौतिकशास्त्र, आणि बहुतेक ठिकाणी जीवरसायन व संख्याशास्त्र. ब्रिन मॉर, गाउचर आणि स्क्रिप्स या कॉलेजांचे कार्यक्रम या प्रकारात नावाजलेले आहेत, आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचा कार्यक्रम देशातल्या सर्वांत जुन्या कार्यक्रमांपैकी आहे. ज्यांनी हे विषय आधीच घेतले आहेत आणि गुण कमी पडले आहेत, त्यांना असे कार्यक्रम सहसा घेत नाहीत. त्यांच्यासाठी दुसरा प्रकार आहे, गुण सुधारण्याचा, ज्यात शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जनुकशास्त्र असे वरच्या पातळीचे विषय घेऊन आपण आता नीट अभ्यास करू शकतो हे दाखवायचे असते.

या दुसऱ्या प्रकारासाठी औपचारिक कार्यक्रमच लागतो असे नाही. जवळच्या राज्य विद्यापीठात पदवी न घेणारा विद्यार्थी म्हणून नाव नोंदवून हवे ते विषय निवडता येतात आणि त्यांचे गुण पदवीपातळीच्या जीपीएत तसेच धरले जातात. औपचारिक कार्यक्रमात सल्लागार मिळतो, सोबत मिळते, कधी संस्थेचे एकत्रित शिफारसपत्रही मिळते, परंतु खर्च कित्येक पट असू शकतो. शिस्तीने एकट्याने अभ्यास करणाऱ्यांनी हा पैसा वाचवावा असे मला वाटते. पदवीच्या काळात एकटेपणामुळेच ज्यांचे गुण घसरले होते त्यांनी मात्र तो खर्च करावा.

इथे अंकगणित डोळ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे. १२० क्रेडिटवर ३.२ जीपीए असलेल्या विद्यार्थ्याने पोस्ट-बॅकमध्ये ३० क्रेडिट घेऊन प्रत्येक विषयात ए मिळवला, तरी एकूण जीपीए ३.३६ इतकाच होतो. हे पाहून निराश होऊ नये, कारण एएमसीएएस पोस्ट-बॅकचे गुण वेगळ्या ओळीतही दाखवते आणि अर्ज वाचणारे चढता आलेख पाहतात. परंतु त्याच ३० क्रेडिटमध्ये दोन बी आले तर तो आलेख तितका ठळक राहत नाही. म्हणून नोकरी, एमकॅट आणि चार विज्ञानविषय एकाच सत्रात कोंबू नयेत.

तिसराही एक मार्ग आहे, विशेष मास्टर्सचा, ज्याला एसएमपी म्हणतात. जॉर्जटाउन विद्यापीठाचा कार्यक्रम या प्रकारात सर्वांना माहीत असलेला आहे; त्यात विद्यार्थी मेडिकलच्या पहिल्या वर्षाचे बरेचसे विषय मेडिकलच्या विद्यार्थ्यांबरोबर शिकतात. ‘मला हा अभ्यास झेपतो’ याचा याहून थेट पुरावा दुसरा नाही. पण त्यातले गुण पदव्युत्तर म्हणून वेगळे मोजले जातात, त्यामुळे पदवीचा जीपीए जिथल्या तिथे राहतो, आणि तिथे कामगिरी सुमार झाली तर मेडिकलचे दार जवळजवळ बंद होते. म्हणून पदवीच्या पातळीवरची दुरुस्ती आधी आणि एसएमपी त्यानंतर, तीही गरज उरली तरच, असा क्रम ठेवावा.

काही कार्यक्रमांचे ठरावीक मेडिकल कॉलेजांशी लिंकेजचे करार असतात. अभ्यासक्रम संपवून अर्ज करायचा म्हटले की मध्ये एक रिकामे वर्ष जाते. लिंकेजमुळे ते टळते आणि विद्यार्थी अभ्यासक्रम चालू असतानाच त्या एका कॉलेजकडे अर्ज करतो. मात्र प्रवेश मिळाल्यास तिथेच जाण्याची बांधिलकी बहुधा आधी द्यावी लागते, आणि जीपीए व एमकॅटच्या अटीही असतात. करार आहे म्हणजे जागा राखीव आहे, असा अर्थ कोणीही काढू नये.

चौथी पायरी: उणीव अनुभवाची असेल तर काम निवडा

रुग्णांजवळ नेणारी पगारी कामे अनेक आहेत. सीएनए म्हणजे परिचर्या सहायकाच्या प्रशिक्षणाची केंद्रीय किमान मर्यादा ७५ तासांची आहे, काही राज्ये अधिक मागतात. रुग्णवाहिकेवर काम करण्यासाठी लागणारा ईएमटीचा अभ्यासक्रम काही महिन्यांत होतो. स्क्राइबचे काम म्हणजे डॉक्टर तपासत असताना नोंदी टिपणे, आणि त्यात वैद्यकीय विचार कसा चालतो हे रोज ऐकायला मिळते. संशोधनाकडे कल असलेल्यांसाठी विद्यापीठांतील रुग्णालयांत संशोधन-समन्वयकाच्या नोकऱ्या असतात. त्या देताना बहुतेक ठिकाणी दोन वर्षे राहाल का असे विचारतात. एकाच ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या माणसाविषयी तिथले डॉक्टर मनापासून पत्र लिहू शकतात. पाच ठिकाणी दोन-दोन महिने काढणाऱ्याविषयी नाही.

सेवाकार्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवातली स्वयंसेवा चांगली आहे आणि तिची नोंद अर्जात जरूर करावी, परंतु कॉलेजे आपल्या वर्तुळाबाहेरच्या, अनोळखी आणि अडलेल्या माणसांसाठी केलेले काम शोधत असतात. बेघरांचा निवारा, मोफत दवाखाना, अन्नछत्र, हॉस्पिस (आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था) यांपैकी एखाद्या ठिकाणी आठवड्यातून तीन-चार तास सलग दोन वर्षे जाणे, हे एखाद्या महिन्याच्या मोठ्या मोहिमेपेक्षा जास्त बोलके असते.

आणखी एक धोका खास आपल्या कुटुंबांचा आहे. सुट्टीत पुण्याला किंवा सांगलीला गेल्यावर काकांच्या नर्सिंग होममध्ये मुलांना आत घेतले जाते, प्रेमाने टाकेही घालू दिले जातात, आणि मुले ते अभिमानाने अर्जात लिहितात. परदेशात प्रशिक्षणाशिवाय रुग्णांवर उपचार करू नयेत अशी एएएमसीची लेखी मार्गदर्शक तत्त्वे आहेत, आणि असा उल्लेख अर्ज वाचणाऱ्यांना खटकतो. काकांकडे जाऊन पाहावे, ऐकावे, ग्रामीण रुग्णाचा दवाखान्यापर्यंतचा प्रवास समजून घ्यावा. रुग्णाला हात लावू नये.

पाचवी पायरी: एमकॅटची तारीख आधी ठरवा, बाकीचे तिच्याभोवती

साडेसात तासांची ही परीक्षा चार विभागांची असून एकूण गुण ४७२ ते ५२८ या पट्ट्यात मिळतात. निकालाला सुमारे एक महिना लागतो, म्हणून जूनच्या अर्जासाठी ती एप्रिलपर्यंत दिलेली बरी. एका वर्षात तीनदा, सलग दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच ती देता येते. नाव नोंदवून गैरहजर राहिले तरी तो प्रयत्न मोजला जातो, आणि आधीचे गुण कॉलेजांना दिसतात. त्यामुळे ‘एकदा देऊन तर पाहू’ हा विचार इथे चालत नाही. अनेक कॉलेजे दोन-तीन वर्षांहून जुने गुण स्वीकारत नाहीत, म्हणून दोन वर्षे घेणाऱ्यांनी पदवीच्या दुसऱ्या वर्षातच परीक्षा उरकण्याची घाई करू नये.

सहावी पायरी: व्हिसा आणि पैसा यांचा हिशेब निर्णयाआधी करा

आईवडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि मूल एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर असेल, तर एकविसाव्या वाढदिवशी ते आश्रित राहत नाही. बहुतेकांना पदवीच्या मधेच एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावे लागते. एफ-१वरील विद्यार्थ्याला पदवीनंतर बारा महिन्यांचे ओपीटी, म्हणजे काम करण्याची तात्पुरती परवानगी, मिळते, पात्र विज्ञानपदव्यांना आणखी चोवीस महिन्यांची मुदतवाढ मिळू शकते, मात्र काम आपल्या पदवीच्या विषयाशी निगडित असावे लागते आणि पहिल्या बारा महिन्यांत नव्वदपेक्षा अधिक दिवस बेरोजगार राहता येत नाही. घरी बसून एमकॅटचा अभ्यास करण्याचे गॅप इयर त्यामुळे या मुलांना परवडत नाही. संध्याकाळी एक-दोन विषय घेण्याचा अनौपचारिक पोस्ट-बॅकही एफ-१वर सहसा बसत नाही, कारण पूर्णवेळ नोंदणी लागते. विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय कोणतेही पाऊल टाकू नये. शिवाय बरीच सरकारी मेडिकल कॉलेजे नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांनाच घेतात, आणि जी खासगी कॉलेजे इतरांना घेतात त्यांच्यापैकी काही जण फीची मोठी रक्कम आधी बाजूला ठेवलेली दाखवायला सांगतात. ही यादी अर्जाच्या एक वर्ष आधी तयार असावी.

भारतात बी.एस्सी. किंवा बी.फार्म. करून लग्नानंतर अमेरिकेत आलेल्या वाचकांनी ध्यानात घ्यावे की परदेशी विद्यापीठांचे गुण एएमसीएएसच्या जीपीएत धरले जात नाहीत आणि बहुतेक कॉलेजे अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या वर्गांचीच अट घालतात. त्यांच्यासाठी पोस्ट-बॅक हा सुधारणेचा नव्हे, तर प्रवेशपात्रतेचाच मार्ग ठरतो. एमबीबीएस झालेल्यांचा मार्ग मात्र पूर्णपणे निराळा आहे: त्यांनी यूएसएमएलई ही डॉक्टरांची परवाना-परीक्षा आणि परदेशी डॉक्टरांना लागणारे ईसीएफएमजी प्रमाणपत्र यांकडे वळावे, पोस्ट-बॅकवर खर्च करू नये.

पैशाबाबत तीन नोंदी. पहिली पदवी मिळाल्यानंतर पेल ग्रँट हे केंद्र सरकारचे अनुदान मिळत नाही. २०२५च्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचे केंद्रीय कर्ज बंद होत असून मेडिकलसारख्या व्यावसायिक शिक्षणासाठी केंद्रीय कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर आहे. एसएमपीसाठी मोठे कर्ज काढण्यापूर्वी मेडिकलचा हिशेब यात बसतो का ते पाहावे. आणि आईवडिलांच्या आरोग्यविम्यावर मुलाला वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत राहता येते, त्यामुळे कमी पगाराचे पण चांगले काम केवळ विम्यासाठी नाकारू नये. एमकॅट आणि अर्जाच्या शुल्कात सवलतीसाठी एएएमसीची साहाय्य योजना आहे, पण तिचा अर्ज शुल्क भरण्यापूर्वी करावा लागतो.

सातवी पायरी: पत्रे, अर्ज आणि प्रतीक्षा

शिफारसपत्रे विद्यापीठ सोडण्यापूर्वीच मागावीत. दोन विज्ञानाच्या प्राध्यापकांची आणि एक अन्य विषयाच्या प्राध्यापकाचे पत्र बहुतेक ठिकाणी लागते, आणि दोन वर्षांनी अचानक आलेल्या ईमेलला उत्तर देताना प्राध्यापकांनाही फारसे आठवत नाही. पत्र लिहून घेऊन इंटरफोलिओसारख्या सेवेत साठवता येते. मेडिकलला अर्ज करणाऱ्यांना मार्गदर्शन करणारी आपल्या कॉलेजची समिती माजी विद्यार्थ्यांनाही एकत्रित पत्र देते का, हे आत्ताच विचारून ठेवावे.

एमडीऐवजी डीओ ही डॉक्टरकीची पदवी देणाऱ्या ऑस्टिओपॅथिक कॉलेजांचा अर्ज एएसीओएमएएसमार्फत, टेक्सासमधील बहुतेक कॉलेजांचा टीएमडीएसएएसमार्फत आणि दंतवैद्यकाचा एएडीएसएएसमार्फत जातो. दंतवैद्यकाला एमकॅटऐवजी डीएटी लागते, आणि फिजिशियन असिस्टंटच्या, म्हणजे डॉक्टरांसोबत रुग्ण तपासणाऱ्या सहायकांच्या, कार्यक्रमांत रुग्णसेवेचे तास हीच अनेकदा पहिली चाळणी असते.

प्रवेश मिळाला नाही तर लगेच पुढच्या जूनमध्ये तोच अर्ज पुन्हा पाठवू नये. कोणती उणीव उरली ते कॉलेजांना विचारावे. काही कॉलेजे खरोखर उत्तर देतात. आणि प्रतीक्षायादीत नाव असेल तर आशा लवकर सोडू नये. एप्रिलअखेर अनेक जागा मिळालेले विद्यार्थी एक जागा धरून बाकीच्या सोडतात, त्यानंतर यादी सरकू लागते आणि बोलावणे वर्ग सुरू होण्याच्या काही दिवस आधीपर्यंत येऊ शकते. म्हणून त्या वर्षाच्या उन्हाळ्यात घराचा भाडेकरार शक्यतो महिन्या-महिन्याने करावा, कामाच्या ठिकाणी ही शक्यता आधी सांगून ठेवावी आणि अनोळखी क्रमांकावरून आलेला फोन उचलावा.